४८ तासांची थाप

डोमेन बिघडलं की होस्टिंगवाल्यांकडे एकच पुडी असते. ताप असो वा मोडलेलं हाड, औषध तेच : ‘सर, प्रोपगेशन चालू आहे. २४ ते ४८ तास थांबा.’ छोट्या व्यावसायिकांच्या वेबसाइट सांभाळणं हा माझा धंदा आहे, आणि या पुडीबद्दल आता स्पष्टच बोलतो : बहुतेक वेळा ती शुद्ध थाप असते.

हे ४८ तास आले कुठून? पॉल मोकापेट्रिस यांनी १९८३ मध्ये डीएनएसची, म्हणजे डोमेनच्या नावावरून सर्व्हरचा आयपी पत्ता शोधून देणाऱ्या यंत्रणेची, रचना मांडली. तिच्यात प्रत्येक नोंदीला टीटीएल असतो, म्हणजे मिळालेलं उत्तर किती सेकंद जपून ठेवायचं याची मुदत. ती संपली की तुमच्या इंटरनेट कंपनीचा रिझॉल्व्हर जुनं उत्तर टाकून नवं मागतो. ‘प्रोपगेशन’ म्हणजे पसरणं, पण जगभर काही पसरत-बिसरत नाही. डॉट कॉमकडे तुमच्या नेमसर्व्हरची जी नोंद असते तिची मुदत १,७२,८०० सेकंद, म्हणजे बरोबर ४८ तास. नेमसर्व्हर बदलले असतील तर ‘थांबा’ म्हणा, ऐकून घेऊ. पण नुसता ए रेकॉर्ड, म्हणजे नावाला आयपी जोडणारी नोंद, बदललाय आणि त्याचा टीटीएल ३६०० आहे, तर तासाभरात विषय संपतो. तोच आदल्या दिवशी ३०० वर आणून ठेवला असता, तर पाच मिनिटांत. हे ज्याला माहीत नाही त्याने डोमेनला हात लावू नये. माहीत असून जो ४८ तास सांगतो, तो सरळ टोलवाटोलवी करतोय.

देवगडच्या एका बागायतदाराची साइट ऐन हंगामात नव्या सर्व्हरवर गेली. नुसतं नाव टाकलं की व्यवस्थित उघडायची. पुढे डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यू लावलं की ब्राउझर धोक्याची पाटी दाखवायचा, आणि ती ओलांडून जाणाऱ्याला दिसायचा स्पर्धा परीक्षांचा क्लास! माणूस हापूसची पेटी मागवायला आला आणि त्याच्या पुढ्यात तलाठी भरतीची बॅच.

डीएनएसला प्रश्न विचारणारी डिग ही कमांड चालवून पाहिली. दोन्ही नावांना नवाच आयपी मिळत होता. म्हणजे डीएनएसचं काम झालेलं, घोळ सर्व्हरवर. एका आयपीवर ढीगभर साइट असतात. त्यांतली कोणती द्यायची हे अपाची हे वेब सर्व्हरचं सॉफ्टवेअर ब्राउझरने पाठवलेल्या नावावरून ठरवतं. ते नाव कुठल्याच व्हर्च्युअल होस्टमध्ये, म्हणजे एकेका साइटसाठी लिहिलेल्या नोंदीत, सापडलं नाही, तर यादीतला पहिला होस्ट पुढे करून मोकळं होतं. इथे बागायतदाराच्या नोंदीतल्या सर्व्हरअलायसमध्ये, म्हणजे जादा नावांच्या ओळीत, डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यूचं नाव घालायचं राहिलं होतं. ते घाला, कॉन्फिगटेस्ट करा, अपाची रीलोड करा, दोन्ही नावांसाठी सर्टिफिकेट पुन्हा काढा. संपलं.

हे सगळं डिगच्या आउटपुटसकट होस्टिंगवाल्यांना तिकिटात लिहून पाठवलं. उत्तर आलं : ‘कॅशे क्लिअर करा, दुसऱ्या ब्राउझरमध्ये बघा, ४८ तास थांबा.’ आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी! शेअर्ड होस्टिंगमध्ये अपाचीची कॉन्फिग फाइल आम्हाला उघडता येत नाही, नाहीतर यांच्या पाया पडलं कोण असतं?

चॅटवरच्या पोरावर माझा राग नाही. ती फाइल त्यालाही बघता येत नाही. ठरलेली वाक्यं चिकटवायची आणि पुढचं तिकीट घ्यायचं, एवढंच त्याच्या हातात. राग आहे तो हिशेब करून त्याला तसं बसवणाऱ्यांवर. जाणता माणूस नेमायला पगार द्यावा लागतो, गिऱ्हाइकाला ताटकळत ठेवायला दमडी लागत नाही. दोन दिवसांत बरेच जण कंटाळून गप्प बसतात, की तिकीट ‘सॉल्व्ह्ड’.

चुका थोरामोठ्यांच्याही होतात. ४ ऑक्टोबर २०२१ रोजी फेसबुक सुमारे सहा तास गायब होतं. देखभालीच्या एका कमांडने त्यांचं अंतर्गत नेटवर्क तुटलं आणि पाठोपाठ त्यांचे डीएनएस सर्व्हर जगाला दिसेनासे झाले. पण दुसऱ्याच दिवशी त्यांनी काय चुकलं ते तपशीलवार लिहून जाहीर केलं. आमच्या होस्टिंगवाल्यांना मात्र एका ओळीची चूक कबूल करताना कमीपणा वाटतो.

म्हणून यापुढे कुणी ‘थांबा’ म्हटलं की लेखी विचारा : कोणती नोंद बदलली? तिचा टीटीएल किती? माझं नाव तुमच्या कोणत्या व्हर्च्युअल होस्टमध्ये आहे? उत्तर आलं नाही तर बाडबिस्तरा उचला. नुसतं ताटकळायचंच असेल, तर सरकारी कचेरी आहे की; तिथे वार्षिक वर्गणी तरी लागत नाही.