अडलेला बोल्ट

जुनी घेतलेली वस्तू बिघडली की आपला पहिला संशय आधीच्या मालकावर जातो. सायकल असो की घड्याळ, ‘त्यानेच नासवले असणार!’ असे म्हणून आपण मोकळे होतो. माझे मामाही तेच म्हणाले होते.

गोष्ट १९६६ सालची. दिवाळी त्या वर्षी नोव्हेंबरात आली होती आणि जुन्नरकडे पहाटे चांगलीच थंडी पडे. मामांकडे ली-एन्फील्ड घडणीची ०.३१५ बोअरची शिकारी रायफल होती; एका निवृत्त फौजदारांकडून रीतसर परवान्यावर घेतलेली. उसात रानडुकरे शिरत, म्हणून रात्री मामा ती घेऊन मळ्यात बसत.

नरकचतुर्दशीच्या पहाटे ते परतले ते कपाळाला आठ्या घालूनच. काडतूस आत राहिले होते आणि बोल्टाची मूठ काही केल्या उचलेना. या जातीच्या रायफलीत सेफ्टी लावली की बोल्टही अडकतो. तो उघडायचा तर सेफ्टी काढलीच पाहिजे. म्हणजे आत जिवंत काडतूस, घोडा चढलेला, आणि अंगणात पोरे फटाके उडवताहेत!

“फौजदारानं पार झिजवलीय,” मामा म्हणाले. “जा रे, लाकडी हातोडा आण.”

मी आत धावलो. मामी खोबरेलाची बाटली गरम पाण्यात धरून बसल्या होत्या. “थिजलंय मेलं,” त्या म्हणाल्या. “जरा पातळ होऊ दे, मग तुलाच आधी तेल लावते.”

माझे पाय जागीच खिळले. मे महिन्याच्या सुट्टीत मामांनी मला रायफलीला तेल द्यायला सांगितले होते, आणि मी ते याच बाटलीतले दिले होते; तेही सढळ हाताने! खोबरेल साधारण २४ अंशांच्या खाली थिजू लागते. उन्हाळ्यात कुणाला पत्ता लागला नाही. पुढे त्यात मळ्यातली धूळ बसली, आणि थंडीने त्याचे लुकण झाले.

हातोडा न घेताच मी बाहेर आलो आणि सारे कबूल केले. मामा एक शब्द बोलले नाहीत. सेफ्टी लावून, पोरांना घरात पिटाळून, त्यांनी रायफल मागल्या मातीच्या बांधाकडे तोंड करून ठेवली.

“चुलीजवळ धरू या का?” मी विचारले.

“काडतूस आत आहे, शहाण्या!”

कोवळे ऊन येईपर्यंत आम्ही दोघे तिच्यामागे बसून राहिलो. नऊच्या सुमारास मामांनी सेफ्टी काढली, मूठ हलकेच उचलली आणि काडतूस बाहेर पडले. मग मॅगझीन रिकामे करून त्यांनी बोल्ट काढला. रॉकेलच्या चिंधीवर तपकिरी चिखल निघाला. कोरडे पुसून शिवणयंत्राच्या तेलाचे दोन थेंब दिले, तेही जवळजवळ पुसून टाकले. बोल्ट लोण्यासारखा सरकू लागला.

“नीट ऐक,” मामा म्हणाले. “आधी रायफल रिकामी. रिकामी असतानाही बोल्ट अडला तर मळ नाहीतर तेल पाहायचं. काडतूस भरतानाच अडला तर काडतूस आणि त्याचं घर तपासायचं. बार काढल्यावर घट्ट बसत असेल, तर पुन्हा बार न काढता परवाना असलेल्या कारागिराकडे न्यायची. यात हातोडा कुठंच नाही. मीही आज चुकलोच.”

त्या दिवशी आमचे अभ्यंगस्नान दहा वाजता झाले. पुढे १९७२ चा वन्यजीव संरक्षण कायदा आला आणि मामांनी रायफल एका परवानाधारक विक्रेत्याला देऊन टाकली. “नव्या मालकाला तेवढं सांगा,” ते त्याला म्हणाले, “बोल्टाला खोबरेल लावू नका.” आणि मग त्यांनी माझ्याकडे पाहिले!