अडेनियमची रोपे बियांपासूनच करावीत

शहरांतील गच्च्यांवर आणि खेड्यांतील ओट्यांवरही अलीकडे अडेनियमच्या कुंड्या दिसू लागल्या आहेत. आफ्रिका व अरबस्तान येथील रुक्ष प्रदेशांतून आलेली ही मांसल वनस्पती आपल्या रुई-कण्हेरीच्याच कुळातील आहे. तेव्हा आपल्या उन्हाळ्याचे तिला भय नाही. फांदीचा छाट लावून ती वाढविता येते व पुष्कळ जण तसेच करतात. परंतु ज्या फुगीर बुंध्यासाठी हे झाड घरी आणावयाचे, तो डौलदार बुंधा बियांपासून वाढलेल्या झाडालाच धरतो. म्हणून वेळ अधिक लागला तरी घरी बी पेरणेच इष्ट, असे आमचे स्पष्ट मत आहे.

बी मात्र ताजे हवे. शिंगांसारख्या जोडशेंगा पिकू लागताच त्यांना दोरा गुंडाळून ठेवावा. अन्यथा शेंग उकलली की बी वाऱ्यावर जाते. रुईच्या बीला एकाच टोकास केसांचा झुबका असतो, याला दोन्ही टोकांस.

पेरणी उन्हाळ्यात करावी. दोन भाग जाडी वाळू आणि एक भाग पालापाचोळ्याचे चाळलेले खत पुरे. बी आडवे ठेवून जेमतेम झाकेल इतकीच वाळू वर पसरावी. ताजे बी उबेत आठवड्याभरात उगवते, आणि नेमकी येथेच हौशी माणसाची माया रोपांच्या मुळावर उठते! दिवसातून तीनदा झारी फिरविली की रोपे बुंध्याशी कुजून कोलमडलीच म्हणून समजावे. वरचा थर सुकू लागल्यावरच पाणी द्यावे. पावसाळ्यात कुंड्या आडोशाला, परंतु भरपूर उजेडात ठेवाव्यात.

रंगाविषयी मात्र स्पष्ट बोलले पाहिजे. निळ्या फुलांचे चित्र छापलेली बियांची पाकिटे सर्रास विकली जातात. अडेनियमला निळे फूल येत नाही. घरखर्चातून चार पैसे वाचवून बी मागविणाऱ्या गृहिणीची ही उघड फसवणूक आहे. मुळात बियांपासून मातृवृक्षाचाच रंग येईल, याची शाश्वती कोणीच देऊ शकत नाही. ठराविक रंग हवा असल्यास बियांपासून केलेल्या रोपावर त्या रंगाच्या झाडाचे कलम बांधावे.

या झाडाचा चीक विषारी आहे. आफ्रिकेतील काही शिकारी जमाती तो बाणांच्या टोकांस लावीत. छाटणीनंतर हात साबणाने धुवावेत आणि छाटलेले तुकडे शेळ्यांच्या व मुलांच्या वाटेत टाकू नयेत.