२० पौंडांची टाकी, १५ पौंडांचा गॅस

अमेरिकेत आरव्ही (म्हणजे चाकांवरचं घरच) घेतलेला प्रत्येक मित्र सांगतो, "अरे, गॅस संपला की दुकानाबाहेरच्या पिंजऱ्यातून टाकी बदलून घे, पाच मिनिटांचं काम!"

साफ चूक.

पिंजऱ्यातल्या २० पौंडी टाकीत बहुतेक वेळा १५ पौंडच प्रोपेन असतं. लेबलवर लिहिलेलं असतं हो, वाचतो कोण? आता हिशोब करा. पौंडाला साधारण २१,५०० बीटीयू. ३०,००० बीटीयूचा हीटर सलग चालला तर २० पौंड चौदा तास पुरतात, १५ पौंड जेमतेम पावणेअकरा. हा फरक मला कळला पहाटे चारला, लेकीचे पाय गार पडल्यावर.

"मग ४० पौंडी घे" म्हणणारे दुसरे शहाणे! भरली की ती ७० पौंडांच्या घरात जाते. उचलणार कोण?

ट्रेलरला स्वतःच्या दोन ३० पौंडी घ्या. पिंजऱ्यात त्या सहसा मिळतच नाहीत, म्हणजे मोहच नको. भरून आणल्यावर वजन करा. रिकाम्या टाकीचं वजन तिच्या गळ्यावर 'टीडब्ल्यू' म्हणून कोरलेलं असतं, ते वजा करा.

घरी १४.२ किलोचा सिलिंडर आई वजन केल्याशिवाय आत घेत नसे. आणि आम्ही इंजिनियर!