नऊवारी भाड्याने, लावणी फुकटात?

ऑफिसचा ॲन्युअल डे आणि लावणी नाही, असं होतं का कधी? 'नटरंग' आला २०१० साली, पण 'वाजले की बारा'ची क्रेझ अजून उतरलेली नाही. म्हणून मग वीकएण्ड वर्कशॉप. दोन दिवस, एक गाणं, भाड्याची नऊवारी आणि शेवटी ग्रुप फोटो. धमाल येते, नाही कशाला म्हणा! फक्त एकदा क्लासमध्ये विचारून बघा, ''सर, ही लावणी आली कुठून?'' ''महाराष्ट्राची संस्कृती!'' असं झकास उत्तर मिळतं आणि लगेच म्युझिक सुरू.

संस्कृती तर आहेच हो, पण ती जगवली कोणी? कोल्हाटी, मांग, महार अशा समाजांतल्या कलावंतांनी. कोल्हाटी बायकांनी तर नाचून अख्खी घरं पोसली. नाचणारीने लग्न करायचं नाही, हा रिवाज. गावात मानही नाही. किशोर शांताबाई काळे यांचं 'कोल्हाट्याचं पोर' (१९९४) वाचा. एका बैठकीत संपतं, झोप मात्र उडवतं. आता 'चांगल्या घरच्या' मुली तीच लावणी शिकतात तेव्हा ती हॉबी असते. संगीत बारीतली बाई नाचली की मात्र भुवया वर! स्टेप तीच हं.

मग क्लासवाल्यांनी काय करावं? लेक्चर नकोच. पण निदान नावं तरी सांगा. वाईच्या यमुनाबाई वाईकर. २०१२ साली पद्मश्री, २०१८ मध्ये गेल्या. बैठकीच्या लावणीत बाई बसल्या जागी, स्वतः गात, नुसत्या चेहऱ्याने आणि हातांनी एकाच ओळीतून कितीतरी अर्थ काढते. ही अदाकारी आपल्या दोन दिवसांच्या सिलॅबसमध्ये नसतेच, कारण शिकवणाऱ्यालाच ती कोणी शिकवलेली नसते. जिथे ती अजून जिवंत आहे ती संगीत बारी पुण्यापासून फार लांब नाही. सोलापूर रस्त्याला चौफुल्यापर्यंत गेलात तरी पुरे.

तिथल्या कलावंतांना बोलवा. पाच मिनिटांच्या 'स्पेशल गेस्ट' म्हणून कशाला? अख्खी बॅच त्यांच्या हाती द्या. मुलामुलींना त्यांच्या पाया पडू दे, त्यांचा ओरडाही खाऊ दे. आणि शाल-श्रीफळावर बोळवण अजिबात नको. कोरिओग्राफरला जेवढी फी, तेवढीच त्यांना, त्याच दिवशी. पुढच्या बॅचला नाव घालताना हे काउंटरवर विचाराच.