डागडुजी की खाडाखोड?

माझ्याकडे गाणे शिकायला येणाऱ्या एका विद्यार्थ्याने मागच्या महिन्यात तंबोरा जुळवण्याआधी पिशवीतून बुटांचा एक जुना खोका काढला आणि माझ्यापुढे ठेवला. खोक्यात कापसावर एक चिमुकली मोटारगाडी होती. हिरव्या रंगाची, एका चाकाने लंगडी, पुढची काच पिवळी पडलेली. एअरफिक्स या इंग्रज कंपनीची ही 1930 सालची बेंटली. खऱ्या गाडीच्या बत्तिसाव्या हिश्श्याची. मुलाच्या थोरल्या काकांनी ती 1967 च्या मे महिन्यात, शाळेच्या सुट्टीत, धारवाडच्या राहत्या घरी जोडली होती. सुटे भाग विलायतेतल्या एका आप्ताने पाठवले होते. काका आता नाहीत.

मुलगा म्हणाला, "गुरुजी, हिचा सगळा रंग उतरवणार, सांधे सोडवणार आणि पुन्हा पहिल्यापासून बांधणार. अगदी कारखान्यातून आल्यासारखी दिसेल बघा."

मी गाडी उजेडात धरली. बॉनेटच्या डाव्या अंगाला प्लास्टिकमध्येच रुतलेला एक अंगठ्याचा ठसा दिसला; रेघान् रेघ स्पष्ट. मी विचारले, "हा कुणाचा?"

"काकांचाच असणार. गोंदाच्या हाताने धरली असेल. ते तर आधी घासून काढायचंय."

त्या दिवशी आमचे गाणे उशिरा सुरू झाले. आमच्यात जो वाद झाला तो एका खेळण्यापुरता नाही असे मला वाटते, म्हणून तो वाचकांपुढे मांडतो.

ज्यांना या छंदाची ओळख नाही त्यांच्यासाठी थोडे सांगायला हवे. या गाड्या तयार मिळत नाहीत. प्लास्टिकच्या काड्यांच्या चौकटीला लगडलेले दहापाच डझन सुटे भाग मिळतात. ते कापायचे, कानशीने साफ करायचे, जोडायचे, रंगवायचे. एअरफिक्सने 1952 साली 'गोल्डन हाइंड' हे जहाज पिशवीत घालून दोन शिलिंगांना विकायला काढले आणि इंग्लंडातल्या पोरांना या छंदाचे वेड लागले. अमेरिकेत एएमटी या कंपनीने 1958 पासून मोटारींचे असे संच काढले, की एकाच डब्यातून गाडी जशीच्या तशी, किंवा शर्यतीची, किंवा आपल्या मनाजोगती सजवून, अशी तीन तऱ्हांनी करता येई. जपानात शिझुओका गावी 1946 साली लाकूड कापण्याच्या धंद्यातून सुरू झालेल्या तामिया कंपनीने 1967 साली होंडाची शर्यतीची गाडी बाराव्या हिश्श्याच्या मापात काढली, आणि तिथून मोटारींच्या या कारागिरीत जपानी लोकांनी सगळ्यांना मागे टाकले.

आपल्याकडे हे संच आले ते बहुधा परदेशी गेलेल्या नातेवाइकांच्या ट्रंकांतून. चैनीच्या वस्तूंची आयात तेव्हा जवळजवळ बंदच होती. पुढे बाजार खुला झाला, पण 2020 साली खेळण्यांवरची जकात वीस टक्क्यांवरून साठ टक्क्यांवर गेली. त्यामुळे जुने मोडके मॉडेल घेऊन ते दुरुस्त करण्याकडे हुबळी-धारवाडच्याच नव्हे, सगळीकडच्याच हौशी तरुणांचा ओढा वाढला तर नवल नाही.

या छंदात तीन वेगळी कामे आहेत आणि आमच्या वादाचे मूळ त्यांच्या सरमिसळीत होते. पहिले काम बांधणीचे. कागदावर सांगितल्याप्रमाणे भाग जुळवायचे, ही तालीम. दुसरे काम मनाजोगता बदल करण्याचे. अमेरिकन गाडीचे सुकाणू डावीकडे असते, ते आपल्या रस्त्यासाठी उजवीकडे आणायचे. दोन संचांतून तिसरीच गाडी उभी करायची. प्लास्टिकचा पत्रा कापून मुंबईची काळी-पिवळी पद्मिनी घडवायची, जी 2023 च्या ऑक्टोबरात रस्त्यावरून कायमची गेली. ही उपज, आणि ती ज्याला साधते त्याचे मला कौतुकच वाटते. टाटा आणि ब्राझीलची मार्कोपोलो यांच्या 2006 सालच्या भागीदारीतून बसगाड्या बांधण्याचा मोठा कारखाना ज्या धारवाडात उभा राहिला, तिथल्या पोरांना एकाच सांगाड्यावर निराळा साज कसा चढतो हे वेगळे शिकवावे लागत नाही.

तिसरे काम जुने नीट करण्याचे. आणि इथे मात्र नियम उलटतात. पहिल्या दोन कामांत आपण मालक असतो. तिसऱ्यात आपण विश्वस्त असतो. समोरच्या वस्तूत आपल्या आधी दुसऱ्या कुणाचा तरी हात फिरलेला असतो.

तो हात या बेंटलीत अक्षरशः दिसतो, आणि त्यालाही कारण आहे. हे प्लास्टिक म्हणजे पॉलिस्टायरीन. त्याला जोडायचा जो द्रव असतो तो खळीसारखा नुसता चिकटत नाही. तो दोन्ही कडा विरघळवतो, त्या एकमेकींत मिसळतात, द्रव उडून जातो आणि सांधा एकजीव होतो. हा द्रव बोटाला लागला आणि ते बोट गाडीवर टेकले, तर तिथले प्लास्टिक क्षणभर मऊ होते आणि बोटाच्या रेषा उचलून घेते. हौशी मंडळींच्या लेखी हा मोठा दोष. स्पर्धेत मांडलेल्या गाडीवर असा डाग म्हणजे नापास. पण विचार करून पाहा. त्या साच्यातून अशा असंख्य बेंटली निघाल्या. त्या सगळ्यांची चाके सारखी, दिवे सारखे, बॉनेट सारखे. या गाडीत असे एकच आहे जे दुसऱ्या कुठल्याही गाडीत नाही, आणि तेच आमचे चिरंजीव पॉलिशपेपर घेऊन आधी काढायला निघाले होते.

मी हे इतक्या आग्रहाने सांगतो, कारण ही चूक मी स्वतः करून बसलो आहे. माझे वडील दरबारी गवई. 1949 साली संस्थान विलीन झाले तेव्हा ते विशीत होते. मी त्यांचे उतारवयातले अपत्य. त्यांचा मिरजेचा तंबोरा होता. तंबोरा छेडताना अंगठा दांडीच्या कडेला टेकतो हे गाणाऱ्यांना ठाऊक आहे. साठ वर्षे अंगठा टेकून तिथले पॉलिश उडाले होते आणि लाकडात सुपारीएवढी उथळ खळगी पडली होती. ते गेल्यावर भोपळ्याला चीर गेली म्हणून मी तंबोरा दुरुस्तीला दिला, आणि उत्साहाच्या भरात सांगितले, 'अगदी नवा करून द्या.' कारागिराने सांगितले तसे चोख केले. चीर बुजली, जवारी सुरेख लागली, दांडी आरशासारखी झाली. खळगीही बुजली. दोष त्याचा नव्हे, माझ्या तोंडच्या शब्दाचा. तंबोरा आजही उत्तम बोलतो. पण गाताना माझा अंगठा त्या जागी जातो आणि तिथे काहीच लागत नाही.

यावर कोणी म्हणेल, ही भावनेची गोष्ट झाली. जाणकार असे मानत नाहीत. तसे नाही. कॅलिफोर्नियात पेबल बीच येथे जुन्या मोटारींची जगातली सर्वांत मानाची स्पर्धा भरते. तिथे वर्षानुवर्षे नव्यासारख्या लखलखत्या गाड्यांनाच पहिला मान मिळे. 2024 साली तो मान 1934 च्या एका बुगाटीला मिळाला. ही गाडी एके काळी बेल्जियमचे राजे लिओपोल्ड यांच्याकडे होती. तिचा जुना, उडालेला रंग तसाच राखलेला होता. न उजळलेल्या गाडीला तो मान मिळण्याची ती पहिलीच वेळ. कोट्यवधींच्या गाड्यांचे शौकीन जे उशिरा का होईना शिकले, ते बुटांच्या खोक्यातल्या गाडीच्या मालकाने शिकायला हरकत नसावी.

विद्यार्थ्याने माझ्यापुढे दुसरी बाजू मांडली, आणि ती पोकळ नव्हती. हुबळीत 2020 साली रेल्वेचे संग्रहालय झाले. तिथली जुनी इंजिने आणि डबे गंजलेले ठेवले असते तर ते पाहायला कोण गेले असते? बरोबर आहे. ते सार्वजनिक वैभव आहे, पावसापाण्यात उभे आहे; त्याला रंग हवाच. तसेच भंगारबाजारातून अनोळखी हाताने गोंदाने बरबटलेली गाडी कुणी आणली, ती रात्रभर बर्फाच्या कप्प्यात ठेवून सांधे मोकळे केले आणि तिला नवा जन्म दिला, तर तेही पुण्यकर्मच. माझे म्हणणे एवढेच, की जिथे हात ओळखीचा आहे तिथे आपला हात आखडता घ्यावा.

म्हणजे काहीच करू नये असेही नव्हे. नुसते राखणे म्हणजे हयगय. गाडीचा नाश थांबवणे हे पहिले कर्तव्य. कोमट साबणाच्या पाण्याने धूळ काढावी. थिनर किंवा ॲसिटोन कदापि लावू नये, प्लास्टिकच विरघळेल. जुने मऊ टायर पॉलिस्टायरीनला टेकून राहिले की वर्षानुवर्षे त्याला खात जातात, तेव्हा मध्ये चांदीच्या कागदाची बारीक पट्टी घालावी. निखळलेले चाक सुईच्या टोकावर मावेल एवढ्या द्रवाने बसवावे. काचेवर बारीक चरे असतील तर दात घासण्याच्या पेस्टने हलक्या हाताने काढावेत. एखादा भाग हरवला असेल तर नवा करावा, पण तो नवा आहे हे चिठ्ठीवर तारखेसह लिहून खोक्यात ठेवावे, आणि काढलेला जुना तुकडा काडेपेटीत घालून त्याच्या शेजारी. थोडक्यात, आपण केलेले उद्या कुणाला उलटवता आले पाहिजे. रंग एकदा घासला की परत येत नाही. तो राहिला, तर पुढच्या पिढीला निर्णय घ्यायला मोकळीक राहते.

आपल्या जुन्या घरांतून माळ्यांवर असे खोके पुष्कळ असतील. कुणाची गाडी, कुणाचे विमान, कुणाची पेटी, कुणाचा कशिदा. घर विकताना किंवा दिवाळीची साफसफाई करताना ते एक तर केराच्या टोपलीत जातात, नाही तर हौसेने 'नवे' केले जातात. मला दुसऱ्याची भीती अधिक वाटते. टाकलेली वस्तू गेली हे आपल्याला कळते तरी. नवी केलेली वस्तू गेली हे कळतच नाही.

बेंटलीचे चाक आता बसले आहे. काच बरीच स्वच्छ झाली आहे. पिवळेपणा तेवढा राहिला. रंग काढलेला नाही. मुलाने स्वतःच्या हौसेसाठी एक नवा संच मागवला आहे, त्यावर तो वाटेल ते करणार आहे आणि त्याने ते जरूर करावे. माझे म्हणणे त्याला पुरते पटले आहे असे नाही. "स्पर्धेत ठेवता येणार नाही, गुरुजी," असे तो अजून मधूनमधून म्हणतो. मी त्याला म्हणतो, नाही ठेवता येणार, घरात ठेव.