नव्या गीतकाराचे नाव घ्यावे

आषाढ शुद्ध एकादशी जवळ येऊ लागली, की पंढरीतील आमच्या ओसरीवर एक दृश्य दरवर्षी हमखास पाहावयास मिळते. पालख्या अद्याप वाटेवर असतात, चंद्रभागेचे वाळवंट अजून भरावयाचे असते, आणि विशी-बाविशीचे एखादे मूल हातात वही घेऊन संकोचाने उंबऱ्याशी येऊन उभे राहते. वहीत स्वतः रचलेले अभंग, गौळणी, भक्तिगीते असतात. नमस्कार होतो, पाणी दिले जाते, दोन रचना वाचून होतात आणि मग मनातला प्रश्न ओठांवर येतो : "महाराज, आपल्या एवढ्या ओळखी आहेत. एखाद्या संगीतकाराकडे, गायकाकडे शब्द टाकाल का? ओळखीवाचून या वाटेवर पाऊल पडत नाही म्हणतात."

पूर्वी या प्रश्नाने आमच्या कपाळाला आठी पडत असे. "रचना सकस असेल तर ती आपल्या पायांनी चालत जाईल," असे ठरीव उत्तर देऊन आम्ही त्या मुलांची बोळवण करीत असू. आज साठी उलटल्यावर मागे वळून पाहता असे वाटते, की ते उत्तर अर्धेच खरे होते. आणि जो अर्धा भाग खोटा होता, तो आमच्या सोयीचा होता. म्हणून त्या प्रश्नाचे नवे उत्तर भाविक वाचकांपुढे मांडण्यासाठी आजचा हा लेखनप्रपंच.

कविता एकट्याने लिहिता येते आणि एकट्याने वाचताही येते. गीताचे तसे नाही. त्यास चाल लागते, गळा लागतो, ठेका लागतो आणि ऐकणारा समाजही लागतो. देवगिरीच्या यादवांच्या आश्रयाने तेराव्या शतकात 'संगीतरत्नाकर' हा ग्रंथ रचणाऱ्या शार्ङ्गदेवाने शब्दरचनेस 'मातु' आणि स्वररचनेस 'धातु' म्हटले आहे. ही दोन्ही ज्यास साधतात तो 'वाग्गेयकार'. परंतु दुसऱ्याने बांधलेल्या धातूवर शब्द रचणाऱ्यासही त्याने 'कुट्टिकार' असे नाव दिले आहे. म्हणजे तयार चालीवर शब्द बसविणे ही काही चित्रपटांनी काढलेली रीत नव्हे. ती शास्त्रकारांस ठाऊक होती. आणखी एक गोष्ट विशेष. उत्तम वाग्गेयकाराचे गुण सांगताना शार्ङ्गदेव व्याकरण, छंद व अलंकार यांच्या ज्ञानापाशी थांबत नाही. रोष आणि द्वेष यांचा त्याग, दुसऱ्याच्या चित्ताची जाण आणि इतरांच्या उष्ट्या उक्ती न वापरण्याचा निर्धार, हेही गुण तो त्याच मालिकेत गोवतो. चारचौघांत मिळून काम करणाऱ्यास याहून नेमका उपदेश कोणता करावा?

आमच्या संतमंडळींनी तर हे आचरूनच दाखविले. ज्ञानेश्वरीच्या शेवटी लेखक म्हणून सच्चिदानंदबाबांचे नाव आहे. तुकोबांचे अभंग उतरवून घेणारे म्हणून संताजी जगनाडे यांचे स्मरण आजही होते. पण या बाबतीत आम्हांस सर्वांत मोलाचा वाटतो तो जनाबाईंच्या नावावर असलेला एक अभंग. कोणत्या संताची वाणी कोणी लिहून घेतली, याची त्यात चक्क नामावली आहे. सावता माळी यांचे लेखक काशिबा गुरव, चोखोबांचे लेखक अनंतभट्ट, अशी एकेकाची नावे घेत घेत ती माउली शेवटी सांगते, की जनीचा लेखक मात्र प्रत्यक्ष पांडुरंग. आजकाल चित्रपटाच्या आरंभी श्रेयनामावली झळकते. दळणकांडण करणाऱ्या एका दासीच्या तोंडी मराठी परंपरेने ती केव्हाच घातलेली आहे.

संतांच्या नाममुद्रांकडेही याच दृष्टीने पाहावे. एकनाथ महाराज आपले नाव एकटे घालीत नाहीत. 'एका जनार्दनी' अशी गुरुनामासह जोडमुद्रा उमटते. जनाबाई स्वतःस 'नामयाची दासी' म्हणवितात. अहंकार गळाला, पण नाव पुसले गेले नाही. ते दुसऱ्याच्या नावाशेजारी नम्रपणे उभे राहिले. नव्या गीतकाराने ज्या ओळखी शोधावयाच्या, त्या अशा असाव्यात. वशिला एका दाराशी नेऊन सोडतो आणि तेथेच संपतो. संगत मात्र कामातून जुळते आणि पुढच्या कामास पुरते.

ही संगत कोठे शोधावी? आमच्याकडे येणाऱ्या बहुतेक मुलांची दृष्टी वर लागलेली असते : मोठा गायक, मोठा संगीतकार, मोठी कंपनी. त्यांस आम्ही अलीकडे एका सालाची आठवण देतो. सुधीर फडके, ग. दि. माडगूळकर आणि पु. ल. देशपांडे हे तिघेही १९१९ सालचे. जुलै ते नोव्हेंबर एवढ्या अवधीत जन्मलेले. माडगूळकर काही आयते प्रसिद्धीच्या शिखरावर जन्मले नव्हते. कोल्हापुरात उमेदवारी करताना त्यांनी वि. स. खांडेकर यांच्याकडे लेखनिकाचे काम केले, चित्रपटांत पडेल ते केले. पुढे त्यांचे शब्द फुलले ते आपल्याच वयाच्या सोबत्यांच्या स्वरांत. १ एप्रिल १९५५ या रामनवमीच्या दिवशी पुणे आकाशवाणीवरून 'गीतरामायण' सुरू झाले. स्नेही सीताकांत लाड यांनी मागणी करावी, माडगूळकरांनी लिहावे, फडक्यांनी चाल बांधावी आणि निरनिराळ्या गायक-गायिकांनी गावे, असे वर्षभर चालून ५६ गीते सिद्ध झाली. ठरलेल्या दिवशी नवे गीत तयार हवेच, ही शिस्त एकट्या कवीस एरवी कोणी लावली असती? १९५३ च्या 'गुळाचा गणपती' चित्रपटातील 'इंद्रायणी काठी' हे पद माडगूळकरांचे, चाल पु. लं.ची आणि स्वर भीमसेन जोशी यांचा. कित्येक भजनी मंडळांत ते संतांचा अभंग समजूनच गाइले जाते.

तेव्हा वहीवाल्या मुलांस आमचे सांगणे असे. आपल्या आळीत पेटी शिकणारा, पखवाजावर हात बसविणारा, गोड गळ्याची परंतु अद्याप कोणी न ऐकलेली अशी समवयस्क मंडळी असतात. प्रथम त्यांची गाठ घ्या. एकादशीच्या भजनास जाऊन केवळ टाळ वाजवीत बसा. मोठ्या अभंगात सहा, सहा, सहा, चार अक्षरे असतात हे पुस्तकातून कळते. पण गाणाऱ्याचा श्वास कोठे तुटतो, समेवर अवघड जोडाक्षर आले की जीभ कशी अडखळते, हे टाळकऱ्यांच्या रांगेतच कळते. एखादा शब्द चालीस अडतो असे गायकाने सांगितले तर रागावू नका. तीन पर्याय पुढे ठेवा. मात्र अर्थच बिघडत असेल तर नम्रपणे अडून राहा. दुसऱ्याकडे जाताना शंभर रचनांची वही न नेता दोनच नीट घासलेली पदे न्या, आणि आपले वाचून दाखविण्याआधी त्याची चाल ऐका. दिलेला शब्द ठरल्या दिवशी पुरा करा. जगदीश खेबुडकरांनी शिक्षकाचा पेशा सांभाळून गीते लिहिली. तेव्हा पहिल्याच वर्षी गीतांवर चूल पेटेल अशा आशेने हातचे काम सोडू नका.

येथवर उपदेश झाला. आता कबुलीची पाळी आमची आहे.

१९९२ च्या माघी वारीतील गोष्ट. तुळशीच्या माळा विकणाऱ्या एका गृहस्थांचा मुलगा आमच्या मागे टाळकऱ्यांत उभा राहत असे. त्याने चोखोबांवर रचलेले एक पद भीत भीत आमच्या हाती दिले. आम्ही ते त्याच रात्री उत्तररंगात म्हटले. श्रोत्यांचे डोळे पाणावले. कीर्तन संपल्यावर यजमानांनी विचारले, "बुवा, हे पद कोणाचे?" आम्ही हसून म्हणालो, "संतकृपा, दुसरे काय!" आम्ही खोटे बोललो नाही, परंतु खरेही सांगितले नाही. तो मुलगा चार हातांवर टाळ गुंडाळीत उभा होता. ते पद आमच्या कीर्तनांतून गावोगाव गेले आणि दोन-तीन वर्षांनी एका ध्वनिफितीवर आले. गीतकाराच्या जागी छापले होते, 'पारंपरिक'. मुलगा फीत घेऊन आला. "महाराज, हे माझे आहे एवढे लिहून द्याल का?" असे त्याने विचारले. आम्ही उत्तर दिले, "बाळ, देवाच्या दारी माझे-तुझे कसले?" तो नमस्कार करून गेला. त्यानंतर त्याने आमच्याकडे एकही पद आणले नाही. पुढे तो गाव सोडून गेला.

पद त्याचे होते. शाल, श्रीफळ आणि बिदागी मात्र आमच्या घरी आली होती. 'माझे-तुझे कसले' हे वाक्य ज्याच्या पदरात माप पडले आहे त्याने रित्या हातांच्या माणसास ऐकवू नये, एवढे कळावयास आम्हांस फार वर्षे लागली. ज्या ओळखीची ती मुले याचना करतात, ती ओळख आमच्याच हाती होती. ओठांवर एक नाव आणण्याचा काय तो अवकाश होता.

आज ध्वनिफितींचा काळ सरला. पद सकाळी रचावे, दुपारी ध्वनिमुद्रित करावे आणि सायंकाळी यूट्यूबवर चढवावे, असे दिवस आहेत. साधने सोपी झाली तसे नाव गळणेही सोपे झाले. म्हणून स्नेहात कागद आणण्यास लाजू नये. पद कोणाचे, चाल कोणाची, गायन कोणाचे, मिळकतीत कोणाचा किती वाटा, हे पहिल्या बैठकीतच एका कागदावर लिहून सर्वांनी सह्या कराव्यात. कायदाही आता गीतकाराच्या पाठीशी आहे. लेखी व सहीनिशी करार असल्यावाचून रचनेचा हक्क दुसऱ्याकडे जात नाही. करारात मुदत लिहिली नसेल तर ती पाच वर्षेच धरली जाते. २०१२ साली स्वामित्वहक्काच्या कायद्यात झालेल्या दुरुस्तीने तर ध्वनिमुद्रित गीताच्या वापरातून येणाऱ्या रॉयल्टीत गीतकाराचा बरोबरीचा वाटा राखला आहे. वारस किंवा ती गोळा करणारी अधिकृत संस्था यांवाचून इतर कोणास तो लिहून देता येत नाही. 'सर्व हक्क कायमचे दिले' असे वाक्य पुढे आले, तर सही करण्यापूर्वी जाणत्या माणसास विचारावे.

यावर काही भाविक म्हणतील, की भक्तिगीतास हा व्यवहार शोभत नाही. त्यांच्या भावनेविषयी आम्हांस आदर आहे. ज्यास आपली रचना देवचरणी विनामूल्य वाहावयाची असेल त्याने ती अवश्य वाहावी. पण वाहण्याचा अधिकार त्याचा आहे, परस्पर वाहून टाकण्याचा आपला नव्हे. उत्सवात मांडववाल्याचे, ध्वनिक्षेपकवाल्याचे, गायकाचे, आणि आम्हा कीर्तनकारांचेही पाकीट ठरलेले असते. शब्द देणाऱ्याच्या वाट्यास तेवढा प्रसादाचा नारळ का?

गेल्या कार्तिकीस आम्ही ते चोखोबांचे पद पुन्हा म्हटले आणि म्हणण्यापूर्वी प्रथमच रचणाऱ्याचे नाव घेतले. तो समोर नव्हता. जे तीस वर्षांपूर्वी करावयाचे, ते आज केल्याने भरपाई होत नाही, हे आम्ही जाणून आहो. निदान पुढच्या मुलांच्या बाबतीत ही चूक होऊ नये. येत्या चातुर्मासात आपल्या मंडळात जे जे नवे पद गाइले जाईल, त्याच्या आधी गीतकाराचे व चाल बांधणाऱ्याचे नाव सांगण्याची प्रथा आपण सर्वांनी पाळावी. कार्यक्रमपत्रिकेत ती नावे छापावीत. नाव ठाऊक नसेल तर 'पारंपरिक' म्हणून मोकळे होण्यापूर्वी चार ठिकाणी चौकशी करावी. नवोदितास याहून मोठी ओळख कोणीही करून देऊ शकत नाही.

आणि वहीवाल्या मुलांनो, आमच्या ओसरीवर अवश्य या. मात्र पुढच्या खेपेस एकटे येऊ नका. तुमच्या पदास ज्याने चाल लावली त्यालाही बरोबर आणा. प्रथम दोघांची नावे आम्ही लिहून घेऊ, मग पद ऐकू.