जड गाडी, हलका हात

व्यापारी घराण्याची वाटचाल त्याच्या दारात उभ्या राहिलेल्या वाहनांवरून वाचता येते. आजोबांची दमणी, काकांची सायकल, मग लूना, मग स्कूटर, मग बुलेट आणि शेवटी चारचाकी. यांतील लूना तर आपल्याच समाजातील एका घराण्याची देणगी. अहमदनगरच्या फिरोदिया कुटुंबाने १९७२ साली ती बाजारात आणली आणि ज्याला स्कूटरसाठी वर्षानुवर्षे नंबर लावणे परवडत नव्हते, त्या लहान दुकानदाराच्या पायाखाली पन्नास सीसीचे यंत्र आले. त्याच घराण्याच्या पुढील पिढीने परदेशी बनावटीच्या जड मोटारसायकलींच्या व्यवसायातही पाऊल टाकले. दोन टोकांमधील हे अंतर म्हणजे मराठी मुलखाच्या वाढत्या ऐपतीचाच आलेख होय.

सेनगाव तालुक्यातील गोरेगावासारख्या गावातही आता भुसार किंवा कापड दुकानाच्या गादीवर बसणारा तरुण मोबाइलवर या गाड्या पाहतो आणि वडिलांपुढे विषय काढतो. वडील एका शब्दात नकार देतात, मुलगा रुसतो. वास्तविक दोघांनीही त्या यंत्राची ओळख नीट करून घेतलेली नसते. नकार असो वा होकार, तो माहितीवर उभा असावा.

लांबच्या प्रवासासाठी घडवलेल्या जड मोटारसायकलींमध्ये होंडाची गोल्ड विंग हे सर्वांत ठळक उदाहरण. १९७५ मध्ये ती एक हजार सीसीच्या, आडव्या बसवलेल्या चार सिलिंडरांच्या इंजिनासह आली. तेव्हा तिला ना वाऱ्यापासून आडोसा होता ना सामानाच्या पेट्या. अमेरिकेतील ग्राहकांनी स्वतःच बाहेरून पुढचा आडोसा आणि पेट्या विकत घेऊन तिला जोडल्या व हजारो मैलांचे प्रवास केले. कंपनीने ते पाहिले आणि १९८० मध्ये ही सारी सोय कारखान्यातूनच द्यायला सुरुवात केली. गिऱ्हाईक दुकानातून माल नेल्यावर त्याचे काय करते, इकडे लक्ष ठेवणारा व्यापारी कसा पुढे जातो, याचा हा उत्तम धडा आहे.

आजची गोल्ड विंग १८३३ सीसीची, सहा सिलिंडरांची आहे. भारतात मिळणाऱ्या टूर प्रकाराचे वजन सुमारे ३९० किलो, म्हणजे ३५० सीसीच्या दोन बुलेटइतके. आसनाची उंची मात्र केवळ ७४५ मिलिमीटर, त्यामुळे मध्यम उंचीच्या चालकाचेही दोन्ही पाय जमिनीला टेकतात. साखळीऐवजी दांड्याने चाक फिरते. गिअर सात असून ते आपोआप बदलतात. पेट्यांमध्ये १२१ लिटर सामान मावते. एकवीस लिटरची टाकी भरली की साडेतीनशे किलोमीटरची निश्चिंती होते.

अशी गाडी चालवण्याचा अनुभव परस्परविरोधी गुणांनी भरलेला असतो. उभी असताना ती डोंगरासारखी वाटते. थोडी कलली आणि तोल एका मर्यादेपलीकडे गेला, तर धडधाकट माणसालाही ती सावरता येत नाही. म्हणूनच तिला मागे घेण्यासाठी अगदी संथ गतीने चालणारी रिव्हर्सची सोय द्यावी लागली आहे. परंतु चाके फिरू लागताच वजन जणू विरघळते. इंजिनाचे सिलिंडर आडवे आणि खाली असल्याने गुरुत्वमध्य जमिनीजवळ राहतो. वेगात डावीकडे वळायचे तर डावी मूठ हलकेच पुढे दाबायची. गाडी त्या बाजूला कलते आणि आज्ञाधारकपणे वळते. जो मुठी आवळून धरतो तो लवकर थकतो. जो हात सैल ठेवतो त्याला यंत्र साथ देते. पुढील चाकाचे धक्के हँडलपर्यंत फारसे पोहोचत नाहीत. काच वर केली की वाऱ्याचा मारा थांबतो आणि सहा सिलिंडरांचा एकसुरी घुमार तेवढा उरतो. मागे बसणाऱ्याला पाठीला टेका आणि हातांना आधार असतो. दिवसभराच्या प्रवासानंतर पतीपत्नी दोघेही ताजेतवाने उतरतात, अशी तिची कीर्ती आहे आणि ती खोटी नाही.

आता हेच यंत्र गोरेगावच्या रस्त्यावर आणावे. हिंगोली, औंढा नागनाथ, तेथून शिरड शहापूरचे मल्लिनाथ मंदिर. किंवा दुसऱ्या दिशेने वाशीम जिल्ह्यातील शिरपूरचे अंतरिक्ष पार्श्वनाथ. हा पट्टा फिरायला मनोहर आहे. परंतु गाडीचे पोट जमिनीपासून अवघे १३० मिलिमीटर उंच आहे आणि गावोगावचे गतिरोधक कोणत्याही मापात बसत नाहीत. दोघे जण आणि भरलेल्या पेट्या घेऊन ती आणखी खाली बसते. काळ्या मातीच्या कडेला उभी केली तर पावसाळ्यात स्टँड रुततो आणि पावणेचार क्विंटलहून अधिक वजन आडवे होते. सुगीत रस्त्यावर सोयाबीन पसरलेले असते. ट्रॅक्टरच्या ट्रॉलीला मागे दिवा नसतो. एप्रिल-मेच्या उन्हात गर्दीतून संथ जाताना इंजिनाची धग मांड्यांना जाणवते, ती वेगळीच.

ज्या मार्गासाठी अशी गाडी जन्मली तो मार्ग हिंगोलीच्या उत्तरेला, शेजारच्या वाशीम जिल्ह्यातून गेला आहे. मुंबई आणि नागपूर यांना जोडणारा ७०१ किलोमीटरचा समृद्धी महामार्ग. तेथे दुचाकीला प्रवेशच नाही. मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावरही नाही. इतरत्र दुचाकीची कायदेशीर कमाल मर्यादा चौपदरी रस्त्यावर ताशी ८० किलोमीटर आणि साध्या रस्त्यावर ६०. ताशी ८० वेगाने गाडी एका सेकंदात २२ मीटर कापते. समोरचे संकट दिसून ब्रेक दाबेपर्यंत दीड सेकंद गेला, तरी ३३ मीटर निघून गेलेले असतात. पहाटेच्या अंधुक प्रकाशात याच रस्त्यांच्या कडेने साधु-साध्वींचा विहार चालू असतो, याचे स्मरण आपल्या घरातील प्रत्येक चालकाने ठेवलेच पाहिजे.

देशात २०२२ मध्ये रस्ते अपघातांत १,६८,४९१ माणसे मृत्युमुखी पडली. त्यांत दुचाकीस्वारांचा वाटा सुमारे ४४.५ टक्के होता. जपानमध्ये ४०० सीसीच्या वरील मोटारसायकलीसाठी वेगळा परवाना लागतो. युरोपातही शक्तीनुसार पायऱ्या आहेत. आपल्याकडे शंभर सीसीची गाडी चालवून मिळालेल्या परवान्यावर १८३३ सीसीची गाडी चालवता येते. कायद्याने न घातलेली ही पायरी कुटुंबाने घालायची असते.

आता हिशेब. गाडीची शोरूममधील किंमत चाळीस लाखांच्या घरात आहे. २०२५ च्या अर्थसंकल्पात १६०० सीसीवरील तयार आयात मोटारसायकलींचे सीमाशुल्क ५० वरून ३० टक्क्यांवर आले खरे. परंतु त्याच वर्षी २२ सप्टेंबरपासून ३५० सीसीवरील दुचाकींवर ४० टक्के जीएसटी लागू झाला. दहा लाख पदरचे घालून तीस लाखांचे कर्ज दहा टक्क्यांनी पाच वर्षांसाठी घेतले, तर मासिक हप्ता सुमारे ६३,७०० रुपये बसतो आणि व्याजच सव्वाआठ लाखांच्या आसपास जाते. म्हणजे एकूण सव्वाअठ्ठेचाळीस लाख गेले. विम्याच्या घसारा कोष्टकाप्रमाणे पाचव्या वर्षी गाडीचे घोषित मूल्य निम्मे, म्हणजे वीस लाख धरले जाते. पेढीच्या नावावर घेतली तरी सामान्य व्यापाऱ्याला खरेदीवरील जीएसटीची वजावट मिळत नाही आणि खासगी वापराचा खर्च आयकरात मान्य होत नाही. कॅश क्रेडिट खात्यातून रक्कम उचलून गाडी घेणे तर सर्वांत घातक. ती मर्यादा सोयाबीन आणि हळदीच्या हंगामात माल उचलण्यासाठी असते. ऐन आवकेच्या दिवशी खाते भरलेले निघाले, तर बाजारातील पत जाते आणि गेलेली पत कोणत्याही हप्त्याने परत येत नाही.

आणखी एक विसंगती ध्यानात घ्यावी. गाडीचा विमा चाळीस लाखांचा, पण मालक-चालकाचे सक्तीचे अपघात संरक्षण पंधरा लाखांचे. यंत्राची किंमत माणसाहून अधिक धरणारा हा हिशेब घरातील कर्त्याने स्वतंत्र मुदत विमा घेऊन आधी दुरुस्त करावा.

याचा अर्थ हौस वाईट असा नव्हे. ज्याच्या घरात कर्ज नाही, मुलांच्या शिक्षणाची तरतूद झाली आहे आणि खेळते भांडवल शाबूत आहे, त्याने कमाईतून आनंद घेण्यात गैर काही नाही. पण पायरी चुकवू नये. प्रथम ३५० सीसीच्या गाडीवर दोन पावसाळे काढावेत. मग २४१ किलोंची देशी ६५० सीसीची गाडी पाहावी. लांबच्या प्रवासाचा बहुतेक आनंद तेथेच मिळतो. एखादे दिवशी मोठ्या शहरात जाऊन गोल्ड विंगची चाचणी फेरी घ्यावी. वडिलांनीही सोबत जावे आणि मागच्या आसनावर बसून पाहावे. चालवणारा आणि मागे बसणारा दोघेही हेल्मेट बांधूनच निघतील, ही अट मात्र पहिल्या दिवसापासून असावी. एवढे झाल्यावर बापलेकांनी समोरासमोर बसून वही उघडावी. त्या वहीत जे उत्तर निघेल, ते दोघांनाही मान्य होईल.